भटू चौधरीचा मका

भटू चौधरी चांगला माणूस होता, असं मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. सगळा तळोदा बोलायचाच. त्यात माझ्या एका मताची भर पडली नाही म्हणून त्याचं काही अडलं नाही. बरीच वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून राहिलो, एकाच शाळेत शिकवलं, एकाच दुकानातून किराणा भरला, आणि त्या सगळ्या काळात मी त्याच्यावर जळत राहिलो. कधी कमी, कधी जास्त, पण खंड असा पडला नाही.

आणि जळायचं कशावरून, तर मक्यावरून. लोक दुसऱ्याची जमीन बघून जळतात, बंगला बघून जळतात. माझ्या पोटात दुखायला लागायचं ते संध्याकाळी, शेजारच्या स्वयंपाकघरातून धप् धप् असा आवाज आला की. फ्रीजरमधल्या मक्याच्या दाण्यांचा गोठून दगड झालेला असायचा. दाणे सुटे करायला भटू ती पिशवी ओट्यावर आपटायचा. तो आवाज ऐकला की माझी मुलगी प्राजू वही मिटायची. "पप्पा, भूमीकडे जाऊन येते." भूमी म्हणजे भटूची मुलगी, प्राजूच्याच वर्गातली. प्राजू जाऊन यायची ती जेवूनच यायची. आल्यावर तिच्या तोंडावर एक हसू असायचं, कुठल्यातरी गमतीचा शेवट तिथे राहून गेल्यासारखं. आमच्या उंबऱ्याच्या आत आली की ते मावळायचं.

भटू सारंगखेड्याच्या पुढच्या, तापीकाठच्या एका गावचा. गुजर शेतकरी घरातला. केळी, कापूस, ऊस, मोठं खटलं. थोरला भाऊ शेती बघायचा, हा शिकून मास्तर झाला. उंच, जरा पोक काढून चालणारा, कानावर खडू ठेवायची सवय. आमच्या हायस्कूलमध्ये तो भूगोल शिकवायचा आणि मी मराठी. मी वर्गात 'शे' म्हणणाऱ्या मुलाला उभा करून 'आहे' म्हणायला लावायचो. पलीकडच्या वर्गातून भटूचा आवाज यायचा, "दखा रे, हाऊ सातपुडा, हाई तापी. आन् दोन्हीसना मधमा आपन!" पोरं खिदळायची, आणि भूगोल त्यांना पाठ व्हायचा. माझ्या तासाला खिडकीपाशी बसलेली पोरं मान तिरकी करून त्याचं ऐकायची. ते मला दिसायचं.

त्याची बायको सुरेखा सरकारी दवाखान्यात नर्स होती. सगळी कॉलनी तिला सिस्टर म्हणायची, भटूसुद्धा. तिची ड्युटी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. त्यामुळे स्वयंपाक भटूच्या गळ्यात पडला, असं मी लोकांना सांगायचो. ते खरं नव्हतं. त्यानं तो हौसेनं घेतला होता. सिस्टरांची ड्युटी फिरेल तसं त्यांचं जेवण फिरायचं. रात्रपाळी असली की ऊन भिंतीवर असतानाच पानं मांडलेली. दुपारपाळी असली की त्यांच्या स्कूटीचा आवाज येईपर्यंत कुणी घास मोडायचा नाही. कधीही असो, जेवायला सगळे एकत्र. आणि रांधणाराही सगळ्यांबरोबर. मागून कुणी वाढत बसायचं नाही, मागे कुणी राहायचं नाही.

"रांधानं थोडं, बठानं जास्त," असं तो म्हणायचा. कॉलनीतल्या बायकांनी ते वाक्य उचललं आणि आपापल्या नवऱ्यांच्या तोंडावर फेकायला सुरुवात केली.

नंदुरबारला एक आइस्क्रीमचं दुकान बंद पडलं तेव्हा तिथला जुना डीप फ्रीजर त्यानं पिकअपमध्ये घालून आणला. आमच्या घरांत शोकेस असते त्या जागी, बैठकीच्या खोलीत ठेवला. त्याच्या दारावर उडालेल्या रंगाचा एक मोठा आइस्क्रीमचा कोन होता. कॉलनीतले सगळे बघायला गेले. मीही गेलो.

"यात काय ठेवणार?" मी विचारलं.

"मका," भटू म्हणाला.

सगळे हसले. आमच्याकडे मका म्हणजे एकतर डोंगरातल्या लोकांची भाकरी, नाहीतर नवापूरच्या कोंबड्यांचं खाद्य. पावसाळ्यात एखादं कणीस भाजून तिखट-मीठ लावून खायचं, एवढाच आमचा संबंध. पण भटूच्या भावानं सुरतेच्या बाजारासाठी थोड्या रानात गोड मका लावला होता. कणसं निघाली की एक पोतं तळोद्याला यायचं. मग रविवारी त्यांच्या ओसरीवर जत्रा भरायची. भटू कणसं सोलायचा, सिस्टर सुरीनं दाणे उतरवायच्या, भूमी आणि तिचा धाकटा भाऊ मयूर चुकार दाणे तोंडात टाकायचे. दाणे उकळत्या पाण्यात जरा वेळ, मग बर्फाच्या पाण्यात, मग जुन्या धोतरावर पंख्याखाली पसरून कोरडे. पिशव्या भरायच्या, हवा काढायची, चपट्या करून फ्रीजरमध्ये रचायच्या. वर्षभराची बेगमी. पुढे पुढे ती पुरेना, तेव्हा आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार खास त्याच्यासाठी पाकिटं ठेवायला लागला.

त्या दाण्यांचं तो काय करायचा, तर काहीही. डाळ-तांदळाच्या खिचडीत मूठभर. आंबट ताकाच्या कढीत मूठभर. मेथी आणि शेंगदाण्याच्या कुटात मका. शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्यात मका, वर कांदा आणि लिंबू. अंडी फोडून घातलेला मका. एका पातेल्यात, एका फोडणीत संपणारं जेवण. कांदा चिरायला घेतला की थोड्याच वेळात त्याची हाक यायची, "चाला, बठा!"

माझी बायको मंगला सुगरण. तिच्या हातची शेवभाजी खाऊन माझे नातेवाईक रस्सा पीत बसायचे. वरण-बट्टी करायची तर अर्धा दिवस घालायची. मला वाटायचं, तिला तरी त्या मक्याचा राग यावा. पण ती भटूकडून डबा आला की झाकण उघडून हसायची. "बघा, कसं सुटसुटीत. तुम्ही कधी साधा कांदा तरी चिरला का?"

मग भटूची आई वारली, आणि त्याचे वडील तळोद्याला राहायला आले. त्यांना सगळे आबा म्हणायचे. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, तोंडात कायम एखादा हुकूम. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला चुलीपाशी बघितलं, म्हणजे गॅसपाशी, आणि ते उठून बाहेर ओट्यावर येऊन बसले. आमचा आणि त्यांचा ओटा एकच, मध्ये फक्त तुळशीची कुंडी.

"मास्तर," ते मला म्हणाले, "मन्हा आंडोर भटू बांगड्या भरीसन बठना. आन् खावाले काय, त् मका! आमनाकडे ढोरेसना पुढे टाकतस."

मी मान हलवली. इतक्या मनापासून मी बऱ्याच दिवसांत कुणाला मान हलवली नव्हती.

भटू ताट झाकून घेऊन आला. "आबा, जेवण करी ल्या."

"सुरेखा रांधी तव्हय जेवसू."

"ती ड्युटीवर शे आबा. रात्री यी."

"मंग माले भूक नई."

मंगलानं आतून ऐकलं होतं. तिनं दादर ज्वारीची भाकरी, डाळ आणि ठेचा आणून पुढे ठेवला. आबा जेवले. दुसऱ्या दिवशीही जेवले. सिस्टर घरी नसतील त्या संध्याकाळी आबा आमच्याकडे, असा पायंडा पडला. मी त्यांच्या शेजारी बसायचो, आग्रह करायचो. भिंतीपलीकडे धप् धप् झालं की आबा तोंड वाकडं करायचे आणि मी त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी सरकवायचो. भटूजवळ सगळं होतं, पण त्याचा बाप माझ्या ताटावर होता. शाळेत मी ताठ चालायला लागलो होतो.

भटू चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही. रोज सकाळी मंगलाला एवढंच विचारायचा, "वहिनी, आबांनी काल किती खादं?"

थंडीच्या सुमारास आबांच्या दाढा दुखायला लागल्या. डॉक्टरनं त्या काढल्या. गाल सुजले, भाकरी चावेना. मंगलानं डाळीत कुस्करून दिली. त्यांनी दोन घास घेतले आणि ताट बाजूला केलं. असं दोन-तीन दिवस चाललं. माणूस उतरत चालला होता, ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

एका संध्याकाळी भटू एक वाटी घेऊन ओट्यावर आला. ती आबांच्या पुढ्यात ठेवली आणि पायरीवर बसला. मागून पोरं आली, सिस्टर त्या दिवशी नेमक्या दवाखान्यात होत्या. वाटीत काहीतरी पिवळसर, दाट, वाफाळलेलं होतं. आबांनी मला विचारलं, "हाई काय शे?" मला माहीत नव्हतं. त्यांनी बोट बुडवून चाखलं. मग चमचा घेतला. अर्धी वाटी संपली तेव्हा त्यांचा हात थांबला.

"हाई कोन्ही रांधं?"

"पप्पांनी!" पोरं एकदम ओरडली.

आबा भटूकडे बघायला लागले. भटू जमिनीकडे बघत होता. मका मिक्सरमधून भरड काढून दुधात शिजवला होता, त्यात आलं, जिरं आणि चिमूटभर मीठ. हे मला नंतर मंगलाकडून कळलं.

"मायनी शिकाडेल शे," भटू म्हणाला. "शेतमाईन कोवळी कणसं आने, ती किसीसन दूधमा शिजाडे."

"तिनी तुले कव्हय शिकाडं?"

"तुम्ही आन् दादा जेवण करीसन निंघी जायेत, आबा. मंग माय एकली जेवाले बसे. मी तिना जोडे बसू. जेवण बठ्ठं थंडं व्हई जाये. तीच गोठ सांगे आन् तीच हासे." तो जरा थांबला. "मी लहान व्हतू, पन माले वाटे, आपन मोठं व्हयनूत का असं नई करानं."

उरलेली वाटी आबांनी सावकाश संपवली, बोटानं निपटून. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ समोरच्या सातपुड्याकडे बघत बसले.

मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो. मंगला स्वयंपाकघरात एकटी जेवत होती. पुढ्यात डाळीचं पातेलं, डब्याला टेकवून उभा केलेला मोबाईल, त्यात कुठलीतरी मालिका. "काही हवंय का?" तिनं विचारलं आणि उठायला लागली. "काही नको," मी म्हणालो, आणि पाणी न पिताच बाहेर आलो.

दुसऱ्या दिवसापासून आबा मुलाच्या घरी जेवायला लागले. महिनाभरात ते त्याला लसूण सोलून द्यायला लागले. पुढे तर कढीत मीठ किती यावरून बापलेक भांडायचे, आणि ते भांडण भिंतीतून ऐकताना मला असं वाटायचं की माझ्या खिशातून कुणीतरी काहीतरी काढून नेलंय.

तेव्हा मी ठरवलं की आपणही करायचं. त्यात काय एवढं! कोपऱ्यावरच्या दुकानातून, भटू नसेल अशी वेळ साधून, मी मक्याचं पाकीट आणलं. मंगलाला म्हटलं, आज तू बस. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आलं, बर्फाळ दाणे थेट तापल्या तेलात टाकले तेव्हा ते तडतडून हातावर उडाले, पण झालं. कांदा, टोमॅटो, काळा मसाला, मका, वर कोथिंबीर. भाताबरोबर. दिसायलाही बरं होतं. खाली सतरंजी अंथरली, पातेली मध्ये ठेवली आणि हाक मारली, "चला, बसा!"

तिघं बसलो. मंगला आणि मी एकत्र जेवायला बसल्याला किती काळ झाला होता, मला आठवेना.

"मीठ बरोबर आहे," मंगला म्हणाली.

"छान झालंय पप्पा," प्राजू म्हणाली.

मग नुसतं जेवण. चमचे वाजत होते. मी विचारलं, "आज शाळेत काय झालं?"

"काही नाही."

मी त्याच शाळेत शिकवत होतो. त्या दिवशी काय काय झालं होतं ते मला माहीत होतं. एका पोरानं प्रयोगशाळेत सरडा सोडला होता, मुख्याध्यापक खुर्चीवर चढले होते. मी वाट बघत राहिलो, ती सांगेल म्हणून. तेवढ्यात भिंतीपलीकडून हसण्याचा एक लोट आला. आबांचा खोकला मिसळलेलं हसणं, सिस्टरांचं हसणं. भूमी सरड्याचीच गोष्ट सांगत असणार. प्राजूनं भिंतीकडे बघितलं आणि तिचे ओठ नकळत हलले. मग तिनं मान खाली घातली आणि भात कालवला.

त्यानंतर मी पुन्हा काही रांधलं नाही. उरलेलं पाकीट मंगलानं उपम्यात घालून संपवलं.

दहावीला प्राजूला चांगले गुण मिळाले. तिला डॉक्टर करायचं, हे मी ती लहान असतानाच ठरवलं होतं. माझ्या गावातलं, माझ्या भाऊबंदांतलं कुणी डॉक्टर नव्हतं. नाशिकला क्लास बघितला, हॉस्टेल बघितलं. प्राजू प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणायची. मला तो आज्ञाधारकपणा वाटला. मी शाळेत पेढे वाटले. भटूनं पेढा घेतला, तोंडात टाकला, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

त्याच संध्याकाळी तो ओट्यावर आला. "भाऊ, आज आमनाकडे जेवाले या. वहिनीले बी लई या."

"का, काय विशेष?"

"विशेष काही नई. मक्यानी खिचडी शे."

इतकी वर्षं मी त्याच्याकडे जेवायचं टाळलं होतं. काही ना काही निमित्त सापडायचं. त्या दिवशी निमित्त सापडलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या भिंतीच्या पलीकडे नेमकं काय असतं ते मला बघायचं होतं. बघण्यासारखं काही नव्हतं. एक सतरंजी, मध्ये पातेलं, ताकानं भरलेला गंज, पापड, कांदा. आबा भिंतीला टेकून. सिस्टर नुकत्याच आलेल्या, पांढऱ्या कपड्यांतच, पायातले मोजेसुद्धा न काढलेले. ज्याला जे हवं ते जो तो वाढून घेत होता. प्राजू न विचारता आत गेली आणि तुपाचं भांडं घेऊन आली. ते कुठे असतं ते तिला माहीत होतं.

सगळ्यांचं अर्धं जेवण झालं. भटू म्हणाला, "प्राजू, सांगं आते."

प्राजूनं घास खाली ठेवला. "पप्पा, मला नाशिकला नाही जायचं."

मला वाटलं, घर सोडायची भीती वाटतेय. "अगं, महिन्याला येत जाईन मी."

"तसं नाही. मला डॉक्टर नाही व्हायचं. मला नर्सिंग करायचंय. सिस्टरांसारखं."

"हे तुझ्या डोक्यात कुणी घातलं?"

"कुणी नाही. मी रविवारी सिस्टरांबरोबर दवाखान्यात जाते ना. तिथे डोंगरातून बायका येतात बाळंतपणाला. त्यांचं बोलणं डॉक्टरांना कळत नाही. मला आता त्यांची पावरी थोडी थोडी कळते. त्या माझा हात धरून ठेवतात, पप्पा."

ती रविवारी कुठे जाते हे मला माहीत नव्हतं. भूमीकडे जाते एवढंच माहीत होतं. ती सलग बोलत होती, न अडखळता. एवढं सलग ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. पण बोलत होती माझ्याशी आणि बघत होती भटूकडे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिची नजर त्याच्यावर जायची, आणि तो नुसता घास चावत मान हलवायचा, चाल पुढे, म्हणून.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी भटूला विचारलं.

"दिवाळीपासून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"गोठ तिनी शे, भाऊ. मी सांगी देता, त् तुम्ही मन्हासंगे भांडतात. तिले इचारतात नई."

मी मंगलाकडे बघितलं. ती पापड मोडत होती. तिलाही माहीत होतं. आबांना माहीत होतं, मयूरला माहीत होतं. त्या सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांना माझ्या मुलीचं मन माहीत होतं, फक्त मी पाहुणा होतो. मी ताटावर हात झटकला आणि उठायला गुडघा टेकला.

"बठ रे मास्तर," आबा म्हणाले. मोठ्यानं नाही म्हणाले. "मी बी असाच ऊठनू व्हतू. उपाशी मीच ऱ्हायनू, दुसरा कोन्ही नई."

मी बसलो. सिस्टरांनी माझ्या वाटीत ताक ओतलं. मी जेवलो. खिचडी चांगली झाली होती. डाळ मऊ, दाणे गोड, वरून तूप आणि लसणाची फोडणी. हे लिहितानासुद्धा मला जड जातंय.

प्राजूनं नर्सिंग केलं. आता ती सुरतला एका मोठ्या दवाखान्यात आहे. आमच्या भागातले पेशंट आले की वॉर्डातले लोक तिला शोधत येतात, असं मंगला सांगते. मंगलाला ती फोनवर सांगते. मी नर्सचा बाप झालो याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की ती गोष्ट मनातून तोंडावर यायला तिला एक जागा लागली, आणि ती जागा माझ्या घरात नव्हती. भिंतीपलीकडे होती. तिथे मक्याचे दाणे फोडणीत पडायचे आणि पोरांच्या मनातलं भराभर बाहेर यायचं. मी पुष्कळ विचार केला की भटू असं काय करायचा. तो उपदेश करत नव्हता, फार प्रश्न विचारत नव्हता. त्याला घाई नसायची, इतकंच मला सापडलं. रांधणं लवकर आटोपलेलं असायचं, भांडी एकदोनच असायची, आणि मग अख्खी संध्याकाळ त्याच्यापुढे मोकळी पडलेली असायची, जेवायला.

पुढे आबा गेले. सुजलेल्या पायांनी शेवटपर्यंत सतरंजीवर येऊन बसायचे. त्यानंतर सिस्टरांची नवापूरला बदली झाली, आणि भटूनं त्याच बाजूच्या शाळेत जागा मिळवली. टेम्पोत सगळ्यात आधी फ्रीजर चढला. चार जणांना उचलेना, म्हणून मीही हात लावला. भटू जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "येत ऱ्हाजा." मी "हो हो" म्हणालो. मंगला रडली. कॉलनीतल्या अर्ध्या बायका रडल्या. शेजारी एक बँकेतले गृहस्थ राहायला आले. ते बाहेरून डबा मागवतात.

मी नवापूरला त्याच्याकडे कधी गेलो नाही. मंगला दोनदा जाऊन आली.

या उन्हाळ्यात एका नात्यातल्या लग्नासाठी नवापूरला जावं लागलं. मंगला माहेरी होती, मी एकटाच. लग्न आटोपून तसंच पुढे सुरतला प्राजूकडे जायचं होतं. स्टेशनबाहेर एका किराणा दुकानाच्या सावलीत उभा होतो, आणि दुकानातून भटू बाहेर आला. केस पांढरे झालेले, पोक वाढलेलं. हातात पिशवी. मला बघून तो असा हसला की मी क्षणभर मागे वळून बघितलं, दुसरं कुणी उभं आहे का म्हणून.

"भाऊ! तुम्ही आठे? कव्हय उनात?"

मी सांगितलं. त्यानं प्राजूचं विचारलं. म्हणजे विचारलं नाही, मलाच सांगितलं. तिची रात्रपाळी संपली, नवी मेट्रन कडक आहे, तिला खोली बदलायची आहे. यातलं मला काही माहीत नव्हतं. मी "हो, म्हणाली होती" असं म्हणालो.

"चाला घर," तो म्हणाला. "आठे जोडेच शे. पोरं ऊनीत सुट्टीले. बठ्ठा मिळीसन जेवसूत."

"नाही रे, गाडी चुकेल माझी."

"दुसरी गाडीवर जा."

"नको. प्राजू वाट बघत असेल."

त्यानं पुन्हा आग्रह केला नाही. रस्त्याच्या पलीकडे स्कूटी उभी होती, आणि तिच्या मागच्या सीटवर सिस्टर बसल्या होत्या, ड्युटीवरून आलेल्या, घामानं डबडबलेल्या. त्यांनी मला हात केला. भटूनं पिशवी त्यांच्याकडे दिली. त्यांनी आतून मक्याचं पाकीट काढलं, आधी एका गालाला लावलं, मग दुसऱ्या. डोळे मिटून घेतले. भटू पुढे बसला, किल्ली फिरवली, आणि सिस्टरांनी ते थंडगार पाकीट हळूच त्याच्या मानेवर, कॉलरच्या आत टेकवलं.

"ओ माय वं!" भटू एवढ्या मोठ्यानं ओरडला की रिक्षावाले वळून बघायला लागले. दोघं हसत सुटली. स्कूटी जरा डगमगली, सावरली आणि हायवेकडे वळली.

मी स्टेशनात आलो. गाडी उशिरा होती, बऱ्याच उशिरा. चौकशीच्या खिडकीवर मला ते आधीच सांगितलं होतं, भटू भेटायच्या आधी.